हे कुठल्या लेव्हलचं आहे, आजी?

यंदाच्या महावीर जयंतीला आमच्या बस्तीत सकाळी मिरवणूक झाली, पाळणा झाला, दुपारची जेवणं उरकली आणि मग महिला मंडळाच्या कार्यक्रमात एक नवीन प्रकार बघायला मिळाला. एकसारखे पिवळे टी-शर्ट घातलेली सात-आठ मुलं स्टेजवर ओळीने उभी राहिली. त्यांच्या बाई माईकवरून भराभर आकडे सांगत होत्या, अधिक सत्तेचाळीस, वजा अठरा, अधिक चौसष्ट, आणि मुलं हवेत बोटं नाचवत होती. जणू समोर एक पेटी आहे आणि ती फक्त त्यांनाच दिसते. बाई थांबल्या रे थांबल्या की उत्तर. आम्ही सगळ्या बायका तोंडात बोट घालून बघत होतो. टाळ्या तर इतक्या, की दुपारी अकरा कलमी स्तवन म्हणणाऱ्या आजींनाही तेवढ्या मिळाल्या नव्हत्या.

ओळीत शेवटून दुसरा एक मुलगा होता. दोनदा त्याचं उत्तर चुकलं. तिसऱ्या वेळी त्याने हात मागे बांधले आणि बोटं हलवायचंच सोडून दिलं. शेजारच्या मुलीने उत्तर सांगितलं की तोही ओठ हलवायचा. त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. माझं गेलं, कारण त्याच्या वयाची असताना मी हेच करायची.

प्रात्यक्षिक झाल्यावर बाईंनी मुलांना अबॅकसचा काय फायदा होतो ते सांगितलं आणि पत्रकं वाटली. गणिताची भीती जाते, एकाग्रता वाढते, उजवा मेंदू जागा होतो, सर्जनशीलता फुलते. आत्मविश्वास हा शब्द त्या एका पत्रकात चार ठिकाणी होता, मी मोजला. आणि चहा यायच्या आत मंडळाचं ठरूनसुद्धा गेलं: रविवारी सकाळी पाठशाळेचा जो एक तास असतो, तो जूनपासून अबॅकसला द्यायचा. नाहीतरी पाठशाळेला मुलं येत नाहीत, या निमित्ताने येतील. निम्मी फी मंडळ भरेल.

विरोधाचा हात माझा एकटीचा वर होता. "वैनी, तुमचं आर्ट्स, तुम्हाला गणिताचं काय," असं कुणीतरी हसत म्हणालं आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही. तिथे बोलायला मिळालं नाही ते इथे लिहिते आहे.

सुरुवातीलाच सांगते, मी अबॅकसवर चिडलेली नाही. आमची नात, पाचवीत जाणारी, पाच लेव्हल करून बसली आहे. तिची पेटी मी हाताळलेली आहे आणि ती मला आवडते. लाकडाची किंवा प्लास्टिकची चौकट, मध्ये आडवी पट्टी, उभ्या काड्या. प्रत्येक काडीवर पट्टीच्या वर एक मणी, त्याची किंमत पाच. खाली चार मणी, एकेकाची किंमत एक. ही जपानी पद्धत. चिनी पेटीत वर दोन आणि खाली पाच मणी असतात. आता चारात तीन मिळवायचे झाले तर खालचे चारही मणी आधीच वर गेलेले, जागा नाही. मग वरचा पाचाचा मणी खाली ओढायचा आणि खालचे दोन परत पाठवायचे. झाले सात. सातात आठ मिळवायचे तर दोन काढायचे आणि शेजारच्या काडीवर दहाचा एक मणी चढवायचा. झाले पंधरा. क्लासमध्ये याला स्मॉल फ्रेंड, बिग फ्रेंड म्हणतात. वर्ष-दोन वर्षं हे बोटांत बसलं की पेटी काढून घेतात आणि मूल मनातल्या पेटीवर मणी हलवायला लागतं. हवेत बोटं नाचतात ती यासाठी. युक्ती सुंदर आहे. दुकानदारांची, पेढीवाल्यांची शेकडो वर्षांची युक्ती आहे.

आपल्याकडेही वेगळं काय होतं? माझे मामंजी शहापुरात साडीचं दुकान चालवायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळं मुखोद्गत. गिऱ्हाईक "पावणेसात वार द्या" म्हणायच्या आत त्यांचा आकडा तयार. म्हणजे घोकंपट्टी वाईट आणि जुनं ते सोनं असं मी म्हणत नाही. तीही घोकंपट्टीच होती, छडीच्या जोरावर केलेली. पण मामंजींच्या आकड्यामागे वार होता, कापड होतं, समोर गिऱ्हाईक होतं. दिडकीने सर्जनशीलता फुलते असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला दुकानातून हाकललं असतं. हिशेब यावा म्हणून हिशेब शिकायचा, एवढा सरळ व्यवहार होता तो.

माझं भांडण त्या पत्रकाशी आहे. हिशेब विकायचा आणि पाकिटावर सर्जनशीलता छापायची, याच्याशी.

कुणी म्हणेल, तुम्ही आर्ट्सवाल्या, तुमच्या म्हणण्याला आधार काय? आधार आहे, आणि तो आपल्या बडोद्यातला आहे. माझ्या मुलाने शोधून दिला. डेव्हिड बार्नर, मायकेल फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बडोद्याच्या एका शाळेत तीन वर्षं हा अभ्यास केला. सुरुवातीला पाच ते सात वर्षांची असलेली २०४ मुलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला अबॅकस, दुसऱ्याला तेवढाच जादा वेळ नेहमीचं गणित. २०१६ मध्ये 'चाइल्ड डेव्हलपमेंट' या नियतकालिकात निष्कर्ष आले. अबॅकसची मुलं अंकगणितात पुढे गेली, हे खरं, आणि ते मी लपवणार नाही. पण त्यांची स्मरणाची, एका वेळी मनात चार गोष्टी धरून ठेवण्याची मूळ शक्ती काही बदलली नाही. उलट ज्या मुलांना चित्र मनात धरून ठेवणं पहिल्यापासूनच बरं जमत होतं, त्यांनाच या पद्धतीचा जास्त फायदा झाला. म्हणजे स्टेजवर चमकणारं मूल क्लासने घडवलं की क्लासला आयतं मिळालं, हा प्रश्न विचारायला जागा आहे. आणि ओळीतल्या शेवटून दुसऱ्या मुलाला घरी नेऊन "तू लक्ष देत नाहीस" म्हणून रागावण्याआधी त्याच्या आईने हे वाचावं असं मला फार वाटतं. उजव्या-डाव्या मेंदूचं म्हणाल, तर डावा हिशेबाचा आणि उजवा कल्पनेचा अशी भावाभावांसारखी वाटणी मेंदूतच नसते. ती पत्रकात असते.

आता नातीची गोष्ट. खरं तर तिच्यामुळेच मी हात वर केला.

आमच्या बस्तीच्या कपाटात 'गणितसारसंग्रह' आहे. सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने १९६३ मध्ये हिंदी अनुवादासह छापलेली प्रत. महावीराचार्य आपलेच, दिगंबर आचार्य, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले, साधारण इसवी सन ८५०. आम्ही जयंतीला त्यांचं नाव कधी घेत नाही, पण हा माणूस गणितात कमळं, भुंगे, हत्ती, तुटलेल्या मोत्यांच्या माळा आणतो. त्यातलं आंब्यांचं एक गणित मी माझ्या शब्दांत नातीला घातलं. आंब्यांचा ढीग आहे. राजाने सहावा हिस्सा घेतला. उरलेल्यातला पाचवा हिस्सा राणीने. मग उरलेल्यातला चौथा थोरल्या राजपुत्राने, त्यातून उरलेल्यातला तिसरा मधल्याने, त्यातून उरलेल्यातला निम्मा धाकट्याने. शेवटी तीन आंबे राहिले, ते सगळ्यांत लहान बाळाने घेतले. ढिगात किती आंबे होते?

दोन मिनिटांत वीस बेरजा करणाऱ्या या पोरीने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे कुठल्या लेव्हलचं आहे, आजी?"

मी म्हटलं, कुठल्याच नाही.

"मग बेरीज करायची की वजाबाकी, ते तरी सांग की."

ते शोधायचंच तर गणित आहे, असं मी म्हटल्यावर तिची बोटं हवेत गेली, थोडी हलली आणि थांबली. हलवणार काय? सुरुवातीचा आकडाच माहीत नाही. ती चिडली. "असलं आम्हाला शिकवलेलं नाही." मग डोळ्यांत पाणी. "मला येत नाही म्हणून तू मुद्दाम घालतेस." ज्या मुलीच्या टेबलावर आत्मविश्वासाच्या तीन ट्रॉफ्या उभ्या आहेत, ती एका प्रश्नासमोर पाच मिनिटं बसू शकली नाही. न येणं म्हणजे हरणं, हे तिला कुणी शब्दांत शिकवलेलं नाही. घड्याळाने शिकवलं.

मी विषय सोडून दिला. सुनेच्या चेहऱ्यावर दिसलंच होतं की सासूबाई पोरीला उगाच रडवतात. दोन दिवसांनी पोरगीच माझ्याजवळ आली, चिंचोक्यांचा डबा घेऊन. आधी अंदाजाने तीस चिंचोके मांडले. सहावा हिस्सा पाच, उरले पंचवीस. राणीचे पाच, उरले वीस. थोरल्याचे पाच, उरले पंधरा. मधल्याचे पाच, उरले दहा. धाकट्याचे पाच आणि बाळाला पाच. "बाळाला जास्त झाले," म्हणाली. मोडलं. मग बारा मांडले. बाळाला दोनच आले. कितीतरी वेळ नुसती बघत बसली. मी भाजी निवडत होते, तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवून. आणि एकदम ती ओरडली, "आजी, उलटं करायचं! बाळाचे तीन आहेत ना, मग धाकट्याने निम्मे घेतले म्हणजे त्याचेही तीन!" तिथून मागे मागे गेली. सहा, नऊ, बारा, पंधरा, अठरा. अठरा आंबे.

मग हात थांबवून म्हणाली, "पण सगळ्यांना तीनच आले की गं. राजालाही तीन आणि बाळालाही तीन. मग एवढं सहावा-पाचवा कशाला केलं?"

मी कबूल करते, माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. पुस्तकात उत्तर होतं, पण "सगळ्यांना सारखेच" हे मी बघितलंच नव्हतं. तिने बघितलं. रात्री तिने वडिलांना गणित घातलं, दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांना, आणि मग स्वतःचं एक रचलं, त्यात राजाच्या जागी पप्पा होते आणि आंब्यांऐवजी चकल्या. ते तीनदा चुकलं, हिस्से पुरेनात, चकली मोडावी लागत होती. मोडलेली चकली चालेल का यावर आमचा दीड दिवस वाद झाला. सर्जनशीलता म्हणून जर काही असेल तर ती मला त्या चकल्यांत दिसली. ती पाचव्या लेव्हलमुळे आली नाही. बेरीज भराभर होत होती म्हणून तिचा थोडा वेळ वाचला असेल, इतकं श्रेय मी पेटीला देते.

यावर एक उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते मला घरी येऊन दिलं गेलं. क्लासच्या बाई स्वतः आल्या. आपल्याच समाजातल्या, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, माझ्यासारख्याच बी.ए. झालेल्या. जय जिनेंद्र करून बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, तुम्ही मोठ्या आहात म्हणून बोलते. दोन मुलींना मी बघितलंय, वर्गात तोंड उघडत नव्हत्या. इथे येऊन पहिल्यांदा त्यांचं काहीतरी बरोबर आलं. त्या आता शाळेत हात वर करतात. हे खोटं आहे का?"

खोटं नाही. मला बोलता येईना. मी स्वतः एसएसएलसीला गणितात जेमतेम काठावर पास झालेली आहे. आमच्या बाई पाढे विचारताना घड्याळ हातात घेऊन उभ्या राहायच्या. उत्तर मला यायचं, पण दोन क्षण उशिरा यायचं, आणि तोवर बाई पुढच्या बाकावर गेलेल्या असायच्या. असं तीन-चार वर्षं झाल्यावर उत्तर यायचंच बंद झालं. आर्ट्स मला आवडलं ते नंतर. आधी मी तिकडे पळून गेले. तेव्हा कुणी मला मणी हातात दिले असते, घाई न करता, तर कदाचित मीही हात वर केला असता. हे मी त्या बाईंना सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले आणि मला वाटलं आमचं जमलं.

मग मी विचारलं, "घड्याळ बाजूला ठेवून शिकवाल का? आणि स्पर्धा नको, स्टेज नको."

त्या गप्प झाल्या. म्हणाल्या, "काकू, मग पालक येणारच नाहीत. आणि वरचे लोक परवानगी देणार नाहीत. लेव्हल ठरलेल्या आहेत, परीक्षा ठरलेल्या आहेत. मी त्यांची फ्रँचायझी घेतली आहे, त्याचे पैसे अजून फिटायचे आहेत."

ही खरी अडचण आहे, आणि ती त्या बाईंची नाही. घरबसल्या चार पैसे मिळवण्याचा हा एक सभ्य मार्ग आपल्या कितीतरी सुना-मुलींना मिळाला आहे. त्याच्या आड मी येऊ इच्छित नाही. पण पेटी आणि घड्याळ एकत्रच विकली जातात, सुटी मिळत नाहीत. आणि ज्या दोन मुली हात वर करायला लागल्या, त्या मण्यांमुळे लागल्या की कुणीतरी पहिल्यांदा शेजारी बसून "बरोबर आहे" म्हणालं म्हणून लागल्या? मला दुसरं खरं वाटतं. ते तर आपण फुकट करू शकतो.

आता पाठशाळेचं. मंडळातल्या भगिनी म्हणतील, पाठशाळेत तरी काय मोठं होतं? अठ्ठेचाळीस श्लोकांचं भक्तामर मुलांकडून पाठ करून घ्यायचं, अर्थ कुणाला विचारायचा नाही, आणि पर्वात स्टेजवर म्हणवून घ्यायचं. अबॅकसमध्ये आकडे, इथे श्लोक, टाळ्या त्याच. हा टोला बसतो, मी झेलते. आम्ही धर्मसुद्धा लेव्हलमध्येच शिकवत आलो.

पण त्याच तासात कधीकधी दुसरं काही घडतं. मागच्या श्रावणात आमच्या पाठशाळेच्या ताई इंद्रियं शिकवत होत्या. झाडाला एक इंद्रिय, अळीला दोन, मुंगीला तीन. स्पर्श, रस, गंध. एक मुलगा उठला. "ताई, शाळेच्या पुस्तकात मुंगीला डोळे दाखवलेत. मग चार झाली ना?" ताई गोंधळल्या. एक-दोन आजींनी त्याला खाली बसवलं. पण ताई बऱ्या, त्या म्हणाल्या, मला येत नाही, विचारून सांगते. पुढच्या रविवारी पाच मुलं मुंग्या बघून आली होती. एक भिंग घेऊन आली. मुंगी साखरेकडे बघून जाते की वासाने, हे ताडून बघायला एकाने साखर डबीत झाकून ठेवली होती. कुणाचं काय खरं ठरलं ते सोडा. शास्त्रातलं आणि पुस्तकातलं कसं जुळवायचं यावर दोन पंडितांना पत्रं गेली आहेत, उत्तरं यायची आहेत. आणखी एकदा एका चिमुरडीने विचारलं होतं, "संख्यात, असंख्यात आणि अनंत. अनंतातून एक काढला तर काय उरतं?" कुठल्या काडीवर दाखवणार तुम्ही हे?

आठवड्यात एवढा एकच तास आपल्या मुलांकडे असा आहे, जिथे परीक्षा नाही, फी नाही, आणि न येणाऱ्या प्रश्नाला "पुढच्या रविवारी बघू" म्हणता येतं. शाळेत नाही, ट्यूशनला नाही, घरी तर आपण स्वतःच घड्याळ झालेल्या आहोत: आवर, जेव, लिही, चल. तो तासही आपण गुंडाळून ठेवायचा, आणि वर मंडळाच्या पैशाने?

मी मंडळाला लेखी दिलंय. अबॅकस जरूर होऊ दे, शनिवारी संध्याकाळी, बस्तीचा हॉल बिनभाड्याने द्या, त्या बाईंचंही भलं होऊ दे. पण फी ज्याची त्याने भरावी. मंडळाची निम्मी फी त्यात जायच्याऐवजी दोन भिंगं, चिंचोके, खडू-फळा आणि 'गणितसारसंग्रहा'तली दहा गणितं मराठीत लिहून काढायच्या खर्चाला द्यावी. लिहायचं काम मी करते, गणितात काठावर पास झालेली असले तरी. आणि पुढच्या जयंतीला स्टेजवर बोटं नाचवायचं ठेवायचंच असेल तर ओळीतल्या शेवटून दुसऱ्या मुलाला आधी विचारा, त्याला उभं राहायचं आहे का.

अर्जावर माझ्याखेरीज दोन सह्या आहेत. एक पाठशाळेच्या ताईंची. दुसरी सही करणारीने नाव सांगू नको म्हटलंय. तिचा मुलगा त्या ओळीत होता. बैठक येत्या चतुर्दशीला, दुपारी चारला, बस्तीच्या वरच्या हॉलमध्ये. आंब्यांचं गणित मी बरोबर घेऊन येणार आहे.